चाकांच्या पिशवीतून किराणा: निवडीपासून जिना चढण्यापर्यंत

ट्रॉली विकत घेण्याआधी एकदा घरापासून दुकानापर्यंत रिकाम्या हातांनी चालून या, आणि या खेपेला नजर खाली ठेवा. फुटपाथची कड कुठे किती उंच आहे, पाणी जायची जाळी कुठे आहे, कुठली फरशी उखडली आहे, चढ किती लांब आहे, शेवटी दारापर्यंत पायऱ्या किती आहेत, हे सगळं बघून ठेवा. एक किलोमीटरच्या वाटेत बहुतेक रस्ता गुळगुळीत असतो. पण कुठली ट्रॉली घ्यायची, ती कशी भरायची आणि किती भरायची, हे ठरतं त्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट दहा पावलांवर.

हे मी चुकून शिकले. पहिली ट्रॉली मी दुकानातल्या चकचकीत फरशीवर ओढून बघितली होती. तिथे ती एका बोटाने ओढली तरी पळत होती. भरून घरी निघाले आणि पहिल्याच उचकटलेल्या फरशीपाशी तिची छोटी चाकं अडली. मी चालत राहिले, ट्रॉली थांबली, आणि मनगटाला असा हिसका बसला की आठवडाभर बाटलीचं झाकण उघडताना हात दुखत होता. ट्रॉलीत खोट काहीच नव्हती. माझ्या रस्त्यासाठी ती नव्हती, एवढंच.

चाक आधी, पिशवी नंतर

दुकानात आपलं लक्ष पिशवीच्या रंगाकडे, कप्प्यांकडे जातं. ते साहजिक आहे, पण पहिल्यांदा वाका आणि चाक बघा. चाकाचा व्यास जितका मोठा, तितका अडथळा त्याला लहान. हे आकड्यांत मांडलं की फरक डोळ्यांत भरतो. समजा चाकांवर १५ किलो भार आहे आणि समोर २ सेंटीमीटर उंचीचा उंचवटा आहे. चाकाचा व्यास ६ सेंटीमीटर असेल, तर थांबलेल्या ट्रॉलीला सरळ आडव्या ओढीने त्यावर चढवायला भाराच्या जवळजवळ पावणेतीनपट जोर लागतो, म्हणजे ४० किलोच्या वर. तेच चाक १८ सेंटीमीटरचं असेल तर साधारण १२ किलोच्या जोरात काम होतं. प्रत्यक्षात चालण्याचा वेग, रबराचा लवचिकपणा आणि मुठीला दिलेली वरची ओढ यांची मदत होते, म्हणून आकडे इतके भयंकर राहत नाहीत. पण लहानमोठ्या चाकांतली तफावत अशीच राहते. आणि उंचवटा चाकाच्या अर्ध्या व्यासाइतका किंवा त्याहून उंच असला, तर नुसत्या आडव्या ओढीने चाक चढतच नाही, उचलावंच लागतं.

व्यासाबरोबर रुंदीही बघा. अरुंद चाक जाळीच्या फटीत आणि फरशांच्या सांध्यांत रुततं. चाकावर रबराचा किंवा फोमचा थर असेल तर आवाज कमी होतो आणि अंड्यांना धक्के कमी बसतात. नुसत्या कडक प्लास्टिकचं चाक खडबडीत रस्त्यावर इतकं खडखडतं की पहाटे किंवा रात्री उशिरा ट्रॉली बाहेर काढायला संकोच वाटतो.

प्रकार मुख्यतः तीन. दोन चाकांची ट्रॉली तिरकी करून मागे ओढायची. ती हलकी असते, घडी होते आणि खराब रस्त्यावर तिच्याइतकी समजूतदार दुसरी नाही. चार चाकांची उभीच राहते आणि शेजारून किंवा पुढे ढकलत नेता येते. हातावर वजन जवळपास येतच नाही, म्हणून खांदा किंवा पाठ दुखणाऱ्यांना ती फार बरी. पण तिची पुढची फिरती चाकं लहान असतात, ती सांध्यांत अडकतात, आणि उतारावर ट्रॉली आपली आपण निघते. तिसरा प्रकार जिन्यासाठीचा: दोन्ही बाजूंना एकेका चाकाऐवजी तीन-तीन चाकांचा तिकोनी गट असतो. पायरी आली की गट गरकन फिरतो आणि पुढचं चाक वरच्या पायरीवर टेकतं. घरी लिफ्ट नसेल आणि जिना रोजचाच असेल तर हा प्रकार घ्या. पण सपाट रस्त्यावर तो वजनाला जड आणि आवाजाला मोठा असतो, त्यामुळे चार-पाच पायऱ्यांसाठी तो घ्यावा असं मला वाटत नाही.

जिना हा एकच अडथळा मोठा असेल, म्हणजे तिसरा-चौथा मजला आणि दुकान अगदी जवळ, तर चांगली पाठपिशवी ट्रॉलीपेक्षा सोयीची पडते. चाकं सपाटीवर उपकार करतात. जिन्यावर त्यांचंही वजन आपल्यालाच वाहावं लागतं.

मूठ आणि सांगाडा

चाकांच्या सूटकेसचा इतिहास इथे उपयोगी पडतो. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये चाकं लावलेल्या सूटकेसचं पेटंट मिळालं. ती चार चाकांवर चालायची आणि पट्ट्याने ओढायची. पट्टा मऊ, त्यामुळे बॅग डुलायची. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने ती दोन चाकांवर तिरकी केली आणि तिला लांब ताठ दांडा दिला, तेव्हा कुठे ती मागून सरळ यायला लागली. किराण्याच्या ट्रॉलीतही जीव त्या दांड्याच्या ताठपणातच आहे. दुकानात दांडा पूर्ण बाहेर काढा, मूठ धरून डावी-उजवीकडे पिळा. सांधे खुळखुळत असतील तर ती ट्रॉली २० किलोंच्या भाराने डोलणार.

उंचीसाठी ताठ उभे राहा आणि हात सैल सोडा. मूठ मनगटाच्या पातळीवर किंवा तिच्या जराशी वर हवी. दांडा आखूड पडला की ट्रॉली जास्त आडवी होते, हातावर वजन वाढतं आणि चाकं टाचेला लागतात. उंच माणसांनी ही गोष्ट पाच-सहा पावलं चालून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मूठ अशी असावी की चार बोटं आरामात बसतील आणि हात बदलताना पकड चुकणार नाही.

पिशवीबाबत तीनच गोष्टी महत्त्वाच्या. ती सांगाड्यावरून काढता यावी, कारण धुवायची आहे. तळाला कडक पुठ्ठा किंवा प्लास्टिकची पाटी असावी. आणि वरचं तोंड नाडीने आवळून त्यावर झाकण पडावं, म्हणजे पाऊस आत जात नाही. नुसत्या चेनवाल्या पिशवीतून पालेभाजीची जुडी जरा वर आली की चेन तिथेच अडते.

किती भरायचं

चाळीस-पन्नास लिटरची पिशवी दिसायला मोठी नसते. पण एक लिटर पाणी एक किलो. ती पिशवी दूध, तेल आणि रसाच्या बाटल्यांनी भरली तर ४० किलोच्या आसपास जाईल, आणि तितकं ओढणं ना सांगाड्याच्या हिताचं ना तुमच्या. ट्रॉलीवर लिहिलेली वजनाची मर्यादा सपाट रस्त्यावरच्या सांगाड्याची असते. तुमची मर्यादा वेगळी, आणि ती वाटेतल्या त्या वाईट दहा पावलांवर ठरते: तिथे भरलेली ट्रॉली थोडा वेळ तरी तुम्हाला एकट्याने उचलता आली पाहिजे. घरी तांदळाची किंवा पिठाची पिशवी टाकून उचलून बघा. श्वास न रोखता, पाठ न वाकवता जेवढं उचलता येतं, तेवढाच तुमचा भार. माझा १४ किलोंच्या आसपास येतो. त्यावर सामान गेलं की मी जड वस्तू दुसऱ्या फेरीला ठेवते.

भरायची रीत

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

दोन चाकांची ट्रॉली तिरकी केली की तिचं वजन चाकं आणि हात यांच्यात वाटलं जातं. किती वाटा हाताकडे येतो, हे वजन किती उंचावर आहे त्यावर ठरतं. एक सरळ हिशेब बघा. सामान २० किलो. मूठ चाकाच्या आसापासून १ मीटरवर, पिशवीचा मध्य आसाच्या १२ सेंटीमीटर पुढे, म्हणजे ट्रॉली कलते त्याच्या उलट बाजूला, आणि ट्रॉली उभ्या रेषेपासून ३५ अंश कललेली. सामानाचा भार आसापासून ३० सेंटीमीटर उंचीवर असेल तर हातात साधारण अडीच किलो येतात. तेच सामान, पण जड वस्तू वर आणि हलक्या खाली असं भरलं, भार ५० सेंटीमीटरवर गेला, तर हातात साडेसहा किलो. पिशवी तीच, वजन तेच, रस्ता तोच.

म्हणून तळाला बाटल्या, डबे, पिठाची पुडी, बटाटे-कांदे. बाटल्या उभ्या आणि एकमेकींना चिकटून ठेवा, मधल्या फटींत लहान पुड्या बसवा म्हणजे खडखड होत नाही. डावी-उजवी बाजू सारखी ठेवा. सगळ्या बाटल्या एकाच कुशीला गेल्या की ट्रॉली त्या बाजूला ओढत राहते आणि मनगट सतत तिला सरळ करत राहतं. मधल्या थरात डाळी, पाकिटं, कडक फळं. वर पाव, पालेभाजी, पिकलेली फळं. अंडी मी खालच्या जड थरावर, एका कोपऱ्यात, दोन बाजूंनी पाकिटांचा आधार देऊन उभी करते आणि त्यांच्यावर काहीच ठेवत नाही. अगदी वर ठेवली की प्रत्येक धक्क्याला ती उडतात.

हा क्रम साधायचा तर खरेदीचा आणि काउंटरवरचा क्रमही तसाच हवा. जड वस्तू आधी काउंटरवर मांडा, मऊ वस्तू शेवटी, म्हणजे पैसे देता देता ट्रॉली आपोआप नीट भरत जाते. दुकानात फिरताना सामान दुकानाच्याच टोपलीत घ्यावं. आपली ट्रॉली बंद ठेवून सोबत न्यावी किंवा दाराशी ठेवायची परवानगी विचारावी. पैसे देण्याआधी स्वतःच्या पिशवीत वस्तू टाकल्या की उगाच गैरसमज होतात.

आता माझी सगळ्यात लाडकी युक्ती. ट्रॉलीच्या पिशवीत दोन-तीन कापडी पिशव्या आधीच तोंड उघडी ठेवून बसवा आणि सामान त्यांच्यात भरा. एक तळाची जड, एक मधली, एक वरची नाजूक. जिना आला की ट्रॉली पायथ्याशी उभी करा, पिशव्या एकेक करून वर न्या, शेवटी रिकामी ट्रॉली उचला. सोबत कुणी असेल तर ओझं वाटून घेता येतं. ओट्यावर सामान काढतानाही वाकून तळातून एकेक डबा उपसावा लागत नाही.

थंड वस्तू एकत्र, शक्यतो उष्णतारोधक छोट्या पिशवीत ठेवा. त्या एकमेकींना गार ठेवतात. दूध, मांस, मासे, शिजवलेलं अन्न फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर उष्मा असेल तर एकाच तासात घरी पोचावं. म्हणून फ्रीजमधल्या वस्तू सगळ्यात शेवटी घ्या आणि वाटेत इतर कामं काढू नका. कच्चं मांस वेगळ्या बंद पिशवीत आणि तळाशी, म्हणजे गळलं तरी भाजीवर पडत नाही.

रस्त्यावर

निघताना ट्रॉली पायाने अडवा. एक पाऊल चाकांच्या आसावर टेकवून मूठ स्वतःकडे झुकवली की पाठीला ताण न येता ती तिरकी होते. मग तोलाची जागा शोधा: हळूहळू कलवत नेलं की एका कोनात हातातलं वजन जवळपास नाहीसं होतं. त्याच्या आसपास चाला. चढावर अंग थोडं पुढे घ्या, पावलं लहान ठेवा.

खांदा मागे पिळून, हात मागे ताणून चालू नका. ट्रॉली जरा शेजारून, नितंबाच्या रेषेत घेतली की खांदा सरळ राहतो. दर काही मिनिटांनी हात बदला, दुखायला लागण्याआधीच. गुळगुळीत लांब पट्ट्यावर ती पुढे ढकलूनही नेता येते. त्याने पाठीला विसावा मिळतो आणि सामानावर नजरही राहते. पण पुढे उंचवटा दिसला की पुन्हा मागे घ्या, कारण ढकलताना चाक अडलं तर मूठ थेट पोटात बसते.

जाळी, रूळ, लांब भेग आडवी काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर चाक फटीत शिरतं. गर्दीत दांडा आखूड करून ट्रॉली जवळ घ्या. मागून येणाऱ्याला दांडा आणि चाकं दिसत नाहीत, तो अडखळू शकतो. संध्याकाळी जात असाल तर पिशवीच्या मागच्या बाजूला चकाकणारी पट्टी शिवून घ्या.

कड चढताना

फुटपाथवर चढायला उतरता रॅम्प असेल तर चार पावलं जास्त चालून तिथूनच जा. नसेल तर हे करा. कडेपाशी थांबा, वळून ट्रॉलीकडे तोंड करा, आधी स्वतः वर जा. दोन्ही चाकं कडेला एकाच वेळी टेकवा. मूठ दोन्ही हातांनी धरा, गुडघे जरा वाकवा आणि पाय सरळ करत ट्रॉली वर ओढा. जोर पायांचा, हात फक्त धरायला.

दोन्ही चाकं एकदम हा शब्द मी मुद्दाम लिहिते. चाकांमधलं अंतर ३५ सेंटीमीटर आणि कड १० सेंटीमीटरची धरा. एकच चाक वर चढलं तर ट्रॉली बाजूला १६-१७ अंश कलते. भार ५० सेंटीमीटर उंचीवर असेल तर ती १९ अंशांना कलंडते, म्हणजे हातात फक्त दोन-तीन अंशांची उसंत राहते. भार ३० सेंटीमीटरवर असेल तर कलंडायला ३० अंश लागतात. घाईत तिरकी कड चढताना माझी ट्रॉली अशीच आडवी झाली होती. तेलाची बाटली वरच्या थरात होती. झाकण निखळलं, तेल रवाळ पिठात मुरलं आणि पिशवीच्या शिवणींत गेलं. तीन वेळा धुतल्यावर वास गेला.

उतरताना स्वतः आधी खाली उतरा, चाकं कडेपर्यंत आणा आणि दोन्ही एकदम, हात सैल न सोडता, हळू टेकवा. धप्पकन सोडली की आसाला आणि अंड्यांना सारखाच मार बसतो.

जिना

चढताना तुम्ही वर, ट्रॉली खाली. जिन्याकडे पाठ, दोन्ही हातांनी मूठ, एकेक पायरी मागे चढत ट्रॉली वर घ्या. एका हाताला कठडा धरायला मिळत असेल आणि भार तेवढा हलका असेल तर कठडा सोडू नका. प्रत्येक पायरीवर चाकं टेकली की क्षणभर थांबा.

उतरतानाही तुम्हीच वर राहा. ट्रॉली पुढे, खालच्या पायरीवर, मूठ तुमच्याकडे झुकलेली, आणि एकेक पायरी खाली सोडत जा. हात सुटला तरी ती तुमच्यापासून लांब जाईल. मात्र खाली कुणी नाही ना, हे आधी बघा. भरलेली ट्रॉली पाठीमागे ठेवून उतरणं मला धोक्याचं वाटतं: निसटली तर थेट पायांवर येते. सरकत्या जिन्यावर ट्रॉली नेऊ नका, वर पोचल्यावर चाकं फटीपाशी अडतात आणि मागचे लोक अंगावर येतात. लिफ्ट शोधा. लिफ्टमध्ये पाठमोरं आत शिरत ट्रॉली ओढा, म्हणजे दारापाशी चाकं फटीत अडलीच तर ओढायला तुम्ही आत असता.

घरी आल्यावर

दारात एक जुनं फडकं ठेवा आणि आत आणण्याआधी दोन्ही चाकं त्यावर फिरवून पुसा. पिशवी ओली असेल तर सामान काढल्याबरोबर झाकण उघडं ठेवून वाळू द्या. घडी करून बंद कपाटात टाकली की दोन दिवसांत कुबट वास येतो. धुताना तळाचा पुठ्ठा आधी बाहेर काढा आणि कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा. पिशवीच्या आतल्या बाजूला पाणी रोखणारा थर असतो, तो गरम पाण्याने आणि जोरदार घासण्याने सुटतो.

महिन्यातून एकदा ट्रॉली उलटी करून चाकं बोटांनी फिरवा. अडखळणारं चाक बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. त्याच्या आसाभोवती केस, दोरे, प्लास्टिकच्या चिंधड्या गुंडाळलेल्या असतात. बारीक कात्रीने कापून चिमट्याने ओढून काढा. मग आसावर हलक्या तेलाचा एक थेंब, जास्त नको, तेलाला धूळ चिकटते आणि तिचाच दगड होतो. चाक आसावर खिळवणारी टोपी किंवा क्लिप सैल झाली आहे का, हे तिथेच बघा. चालताना चाक निघून जाण्यामागे बहुतेक वेळा तीच असते. नट-बोल्ट हाताने तपासा. पिशवी सांगाड्याला अडकवणाऱ्या पट्ट्यांची शिवण उसवायला लागली की त्याच दिवशी जाड दोऱ्याने टाके घाला. एक पट्टी गेली की सगळा भार उरलेल्या पट्टीवर येतो, आणि तीही फार दिवस टिकत नाही.

रबराला भेगा पडल्या किंवा चाक एका बाजूने झिजून चपटं झालं तर चाक बदलून घ्या. व्यास आणि आसाची जाडी मोजून नेली की बरोबर जोड मिळतो. जमल्यास दोन्ही चाकं एकदम बदला, नवं-जुनं एकत्र लावलं की ट्रॉली जुन्याकडे वळत राहते.